वकिलात, व्यापार आणि नागपुरी संत्री

नागपुरी संत्र्यांवर बांगलादेशचा आयात कर 2019 मध्ये किलोमागे 20 रुपये होता. 2023 मध्ये तो 88 रुपयांवर गेला. वरूड-मोर्शी असो की काटोल-नरखेड, बागायतदार जमले की एक प्रश्न हमखास निघतो : ढाक्यातली आपली वकिलात करते तरी काय? प्रश्न रास्त आहे. पण परमुलखात बसलेल्या दूताने व्यापारात किती उतरावे हा वाद जुना आहे, आणि नागपूरने त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

नागपूरकर भोसल्यांचा वकील, म्हणजे दूत, कंपनी सरकारच्या दरबारी असे. 1781 च्या ऑगस्टमध्ये बनारसच्या राजाविरुद्धची कारवाई अंगावर उलटली आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात पळावे लागले, तेव्हा हा वकील आणि त्याचा भाऊ त्याच्या सोबतीला होते. हाती पैसा नव्हता. वकिलाने बनारसच्या आपल्या घरातली एक लाखाची रोकड देऊ केली. पुढे त्याला गाझीपूर भागात 25,000 रुपयांची जहागीर मिळाली. तेव्हा कंपनीचे पुण्याच्या पेशव्यांशी युद्ध चालू होते, हेही लक्षात घ्यायला हवे. धन्याचा माणूस म्हणून जिथे गेलो तिथल्याच सत्तेकडून जहागीर घेणाऱ्याला आज एक दिवसही पदावर राहता येणार नाही. त्या काळी मात्र वकिली, सावकारी आणि बातमीदारी एकाच पागोट्याखाली चालत.

1803 च्या देवगावच्या तहानंतर कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला तिचा प्रतिनिधी, नागपुरात कायमचा बसला. त्याचा दिवस हरकारे (निरोपे), अखबार (बातमीपत्रे) आणि फारसी मुनशी (लेखनिक) यांच्यात जाई. रीतिरिवाज हा त्याच्यासाठी शोभेचा विषय नव्हता. नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी, कंपनीशी लढाई सुरू झालेल्या पेशव्यांकडून आलेली खिलत (मानाचा पोशाख) आणि सेनापतिपद भर दरबारात स्वीकारले. तिथे हजर राहायचे की नाही, याच निर्णयात तह टिकतो की मोडतो हे ठरत होते. रेसिडेंट गेला नाही, आणि दोन-तीन दिवसांत सीताबर्डीवर लढाई पेटली. 1853 च्या डिसेंबरात शेवटचे राजे निपुत्रिक वारले. दत्तक मान्य करावा, असे त्या वेळच्या रेसिडेंटनेच वर लिहिले होते. ते डावलून 1854 मध्ये राज्य खालसा झाले आणि राजवाड्याचे हत्ती-घोडे सीताबर्डीवर लिलावात मातीमोलाने गेले. जागेवर बसलेल्या माणसाचे राजधानीने ऐकले नाही, याचे नागपूरला तरी वेगळे उदाहरण द्यायला नको.

आजची चौकट राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराची. भारताने त्यासाठी 1972 मध्ये कायदा केला. वकिलातीची सीलबंद थैली उघडता येत नाही की अडवता येत नाही. बिनतारी संदेशयंत्र मात्र यजमान देशाच्या परवानगीशिवाय बसवता येत नाही. आर्थिक, सांस्कृतिक आणि वैज्ञानिक संबंध वाढवणे हे दूताचे अधिकृत काम ठरले, आणि त्याच करारात स्वतःच्या फायद्यासाठी धंदा करायला त्याला मनाई झाली. बनारसच्या लाखाचा प्रश्न असा मिटला. आणखी एक कलम आहे : राजनयिकाच्या घरगुती वापराच्या सामानावर सीमाशुल्क नाही. त्याचा फ्रिज बिनकराचा जातो. ज्या संत्र्यांची रदबदली तो करतो, त्यांच्या प्रत्येक किलोवर कर भरावा लागतो.

हा कर कशामुळे वाढला, यावरच खरा वाद आहे. बांगलादेश ही नागपुरी संत्र्यांची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ. माल क्रेटमध्ये भरून ट्रकने पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यावर जातो. विदर्भातल्या उत्पादकांचा आरोप असा, की कांद्याचा राग संत्र्यांवर निघाला. आरोप हवेतला नाही. सप्टेंबर 2019 मध्ये भारताने कांदा निर्यात एकाएकी बंद केली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधानांनी व्यापाऱ्यांसमोर जाहीरपणे सांगितले, की मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हटले आहे, आणि असे निर्णय घेण्याआधी कळवत जा. कांदा 2020 मध्ये पुन्हा बंद झाला, 2023 च्या ऑगस्टमध्ये त्यावर 40 टक्के शुल्क लागले, डिसेंबरात पुन्हा बंदी आली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की परकीय चलनाची चणचण असलेला देश फळांसारख्या जिनसांवर कर वाढवणारच. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात. पण नाशिकच्या कांद्याचा निर्णय दिल्लीत होताना वरूडच्या संत्र्यांचे काय होईल हे कोणी विचारात घेतले, असे दिसत नाही. ढाक्यातल्या अधिकाऱ्याने कितीही चांगले निवेदन दिले तरी यजमानांचे पहिले उत्तर कांद्याचे असणार.

इतर देशांशी नागपूरचा संबंध इतका कडवट नाही. मेट्रोसाठी जर्मनीकडून 50 कोटी युरोंचे कर्ज आले, फ्रान्सकडूनही आले, आणि डबे चीनमधल्या डालियनहून. दीक्षाभूमी आणि जपानी मदतीने कामठीत उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर यांनी परराष्ट्र खात्याच्या कागदांपेक्षा खोल नाती जोडली. बौद्ध देशांच्या पाहुण्यांना नागपूरची ओळख करून द्यावी लागत नाही.

संत्र्यांच्या बाबतीत राज्य सरकारने 2023 च्या अखेरीस बांगलादेशी कराचा निम्मा भार, म्हणजे किलोमागे 44 रुपये, अनुदान म्हणून उचलायचा निर्णय घेतला. निर्यातदारांनी स्वागत केले. माझ्या मते तो उपाय नव्हे, उसनवारी होती : ढाक्याच्या तिजोरीत जाणारा कर महाराष्ट्राच्या तिजोरीने भरायचा. शिवाय अनुदान निर्यात करणाऱ्याला. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या हंगामाची, बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकून मोकळा झालेला शेतकरी त्या हिशेबात येतो कुठे? ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्ता बदलली, भारताने तिथले व्हिसाचे काम आखडते घेतले, आणि कराची बोलणी आणखी मागे पडली. कांदा आणि संत्री एकाच बैठकीत, एकाच कागदावर मांडली जात नाहीत तोवर वरूडच्या बागायतदाराला वकिलातीकडून फार काही मिळेल असे मला वाटत नाही.