ब्रेकची काळी पूड आणि बिडाच्या डिस्कवरचा लेप

इलेक्ट्रिक गाडी म्हणजे प्रदूषण शून्य, हे वाक्य जालना रोडवरच्या कुठल्याही शोरूममध्ये ऐकायला मिळतं. धुरापुरतं ते खरं आहे. पण ब्रेकचं काय? १२०० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगावरून थांबवायची, तर २ लाख ४० हजार ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत लिटरभर पाणी २५ अंशांवरून ८२ अंशांपर्यंत तापेल. ही ऊर्जा चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला दाबणारे पॅड यांच्या घर्षणात जिरते आणि दरवेळी दोन्ही थोडेथोडे झिजतात. रिमवर बसते ती काळी पूड यातलीच. बारीक कण मात्र हवेत जातात, तिथून फुप्फुसात. आपली पीयूसी तपासणी फक्त सायलेन्सरमधून येणारा धूर मोजते.

लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रिमवरून फिरवला, की पूड चिकटते. त्यात डिस्कचं लोखंड असतं. मराठवाड्यात हा प्रयोग थोडा फसवा आहे, कारण आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि तेही चुंबकाला धरतात. तेव्हा आधी रिम स्वच्छ धुवा.

युरोपने आता या पुडीलाही मर्यादा घातली आहे. युरो ७ नियमानुसार नोव्हेंबर २०२६ पासून नव्या मॉडेलच्या कारना ब्रेकमधून किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅमच कण सोडता येतील. बॅटरीवरच्या कारना ३. बॅटरीची गाडी बराचसा वेग मोटरनेच कमी करते, म्हणून तिला नियम कडक. पण त्यामुळेच तिची डिस्क कमी घासली जाते, पावसाळ्यात गंजते, आणि पुढच्या ब्रेकला तो गंजही खरवडून उडतो.

मग डिस्कवर कठीण लेप चढवा की! खरी अडचण इथेच आहे. कारची डिस्क सहसा बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची असते. त्यात तीन टक्क्यांहून जास्त कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या रूपात, पोह्यांसारख्या चपट्या पापुद्र्यांत पसरलेला. हे पापुद्रे उष्णता झटकन पसरवतात, कंपनं शोषतात. पण लेपासाठी पृष्ठभाग वितळवला की ग्रॅफाइट जळून वायू होतो आणि लेपात पोकळ्या राहतात. उरलेला कार्बन लेपात विरघळून त्याला ठिसूळ करतो, मग तडे जातात. मोटरसायकलची डिस्क स्टेनलेस स्टीलची असल्याने तिला ना हा त्रास, ना तसा गंज.

यावर जर्मनीतल्या आखेनच्या फ्राउनहोफर लेझर संस्थेने काढलेली युक्ती मला फार आवडते. नेहमीच्या पद्धतीत लेझर डिस्कचा पृष्ठभाग वितळवतो आणि धातूची भुकटी त्या डबक्यात पडते. इथे लेझरचा झोत भुकटीला डिस्कपर्यंत पोहोचण्याआधी, हवेतच वितळवतो. खाली पडतात ते थेंबच. डिस्कचा अगदी पातळ थर वितळतो, ग्रॅफाइटला जळायला वेळच मिळत नाही. जुनी पद्धत मिनिटाला दोनेक मीटरने सरकते, ही शेकडो मीटरने. सहसा खाली स्टेनलेस स्टीलचा थर देतात आणि त्यावर टायटॅनियम कार्बाइडसारखे कठीण कण मिसळलेला दुसरा. खालचा थर फेरिटिक जातीच्या स्टेनलेस स्टीलचा बरा: तापल्यावर तो बिडाइतकाच प्रसरण पावतो, शिवाय निकेल लागत नाही. हार्ड क्रोमचा मुलामा चढवण्याच्या कढईत कॅन्सरकारक सहासंयुजी क्रोमियम असतं, ते इथे नाही.

म्हणून बाटलीतला 'नॅनो कोटिंग' स्प्रे डिस्कवर मारून झीज थांबवतो म्हणणाऱ्याची आणि बंपरला लिंबू-मिरची बांधून घाट उतरणाऱ्याची पत मला सारखीच वाटते. उलट घासणाऱ्या पृष्ठभागावर काहीबाही फवारलं, तर ब्रेक लागायचाच नाही.

लेपाच्या डिस्कला पॅडही जोडीचे लागतात. साधे बसवले तर पकड आणि झीज दोन्हींचा हिशेब बिघडतो. आणि गॅरेजवाले खाचा पडलेली डिस्क लेथवर मारून सपाट करतात, ते इथे चालणार नाही. लेप मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच जाड असतो. लेथच्या साध्या टूलने तो नीट कापला जाणार नाही, हिऱ्याचं ग्राइंडिंग लागेल. आणि कापला गेलाच, तर खाली पुन्हा बीडच.