मक्केला वेष बदलून गेलेले युरोपीय

प्रेषित मुहंमदांची शवपेटी लोहचुंबकांच्या ओढीने मक्केत अधांतरी लटकते आहे, ही गोष्ट युरोपात कित्येक पिढ्या खरी मानली गेली. खरंखोटं करायला फार कष्ट नव्हते. हज करून परतलेला कुणीही सांगू शकला असता की कबर मक्केत नाही, मदिनेत आहे, आणि ती जमिनीतच आहे. पण ज्यांना ठाऊक होतं त्यांना विचारायला कुणी गेलं नाही.

बिगरमुस्लिमांना मक्केत प्रवेश नाही, म्हणून युरोपीय पुस्तकांत ती कायम ‘गूढ नगरी’ म्हणून येते. हे गूढ एकतर्फी होतं. दरवर्षी मोरोक्कोपासून जावापर्यंतची हजारो माणसं तिथे जाऊन येत. गल्ल्या, भाडी, पाण्याचे दर त्यांना तोंडपाठ असत. तेव्हा या प्रवाशांनी मक्का ‘शोधली’ म्हणणं जरा अतीच होतं. त्यांनी मोडून काढल्या त्या त्यांच्याच घरच्या वावड्या.

पहिलं सविस्तर वर्णन बोलोन्याच्या लुदोविको दी वार्थेमाचं. 1503 साली दमास्कसहून निघालेल्या हजच्या तांड्यात तो मम्लूक, म्हणजे तेव्हा इजिप्त-सिरियावर राज्य करणाऱ्या गुलाम-सैनिकांपैकी एक, पहारेकरी बनून शिरला. लटकत्या शवपेटीची गोष्ट त्याने साफ खोटी ठरवली, आणि त्याच दमात मक्केत दोन एकशिंगी प्राणी पाहिल्याचंही लिहून टाकलं. तिथे एका मुसलमान व्यापाऱ्याने त्याला ओळखलं. हा व्यापारी जिनोआ, व्हेनिस पाहून आलेला. आपण तोफा ओतण्यात पटाईत आहोत अशी थाप वार्थेमाने मारली आणि व्यापाऱ्याने त्याला चक्क स्वतःच्या घरात लपवलं. पुढे एडनच्या तुरुंगात वेड्याचं सोंग घेऊन सुटल्यावर तो आपल्याकडेही आला. चौल, दाभोळ, गोवा, विजापूर ही ठिकाणं त्याच्या पुस्तकात आहेत. विजापूरच्या दरबारी नोकरांच्या पायांतल्या जोड्यांवर हिरेमाणकं असतात, असं तो लिहितो. एकशिंगी प्राण्यांच्या शेजारी ठेवूनच हे वाचावं. पुस्तक 1510 मध्ये रोममध्ये छापलं गेलं आणि तुफान चाललं.

जोसेफ पिट्सला मात्र सोंग घ्यावं लागलं नाही. एक्सेटरच्या या पोराला 1678 मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी समुद्रात पकडलं, गुलाम म्हणून विकलं आणि मारहाण करून कलमा वदवून घेतला. मालकाबरोबर तो हजला गेला आणि तिथेच मालकाने त्याला मोकळं केलं. मायदेशी परतल्यावर 1704 मध्ये त्याने आठवणी छापल्या. इस्लामला तो नावंच ठेवतो, पण काबाभोवती, म्हणजे मक्केच्या मशिदीतल्या पवित्र वास्तूभोवती, रडणारे यात्रेकरू पाहून आपलेही डोळे भरून येऊ लागले होते हेही लपवत नाही. या यादीतला मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा माणूस हाच. त्याला पराक्रम मिरवायचा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात प्रवाशाच्या मागे संस्था आणि सरकारं उभी राहिली. 1807 मध्ये ‘अली बे’ या नावाने गेलेला स्पॅनिश दोमिंगो बादिया माद्रिदच्या दरबाराचा हेर होता. त्याने मक्केचे अक्षांश मोजले. 1814 मध्ये गेलेला स्विस योहान बुर्कहार्ट लंडनच्या आफ्रिकन असोसिएशन या शोधमोहिमा काढणाऱ्या संस्थेचा माणूस. मक्केजवळच्या ताइफला इजिप्तचा शासक मुहंमद अली पाशाने विद्वानांकरवी त्याच्या धर्मज्ञानाची परीक्षा घेतली. पाशाला संशय नव्हता असं नाही, पण त्याने वाट अडवली नाही. पूर्वेकडच्या सगळ्या भटकंतीत मक्केइतका निवांतपणा कुठे मिळाला नाही, असं बुर्कहार्ट लिहितो. 1817 मध्ये तो कैरोत वारला. मुस्लिम दफनभूमीत शेख इब्राहिम या त्याच्या घेतलेल्या नावानेच त्याला पुरलं.

आणि मग रिचर्ड बर्टन. हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी. 1842 मध्ये मुंबईत उतरला आणि हिंदुस्तानी, गुजराती, फारसी, सिंधी शिकला. मराठीच्या परीक्षेतही पास झाला होता. अरबस्तानासाठी त्याने तीन वर्षांची रजा मागितली. ईस्ट इंडिया कंपनीने अरबी शिकण्याच्या नावाखाली एकच वर्ष दिलं.

1853 मध्ये तो आधी इराणी मिर्झा बनून इजिप्तला पोहोचला. इराणी म्हणजे शिया, आणि हिजाझमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रांतात, शियांचे हाल होतात, तेव्हा हे सोंग टाक, असा सल्ला कैरोतल्या हाजी वली नावाच्या मित्राने दिला. मग तो हिंदुस्थानात जन्मलेला आणि रंगूनला शिकलेला पठाण झाला. उच्चार चुकले तरी दोष रंगूनचा! ही युक्ती चालली ती बर्टनच्या हुशारीइतकीच हजच्या गर्दीमुळे. जिथे प्रत्येकाचं अरबी वेगळं, तिथे आणखी एका बोबड्या हाजीकडे कोण लक्ष देणार?

तरी बिंग फुटायचं राहिलं नाहीच. सुएझला त्याच्या सामानात सेक्स्टंट, म्हणजे तारे मोजायचं यंत्र, सापडलं. मुहंमद नावाचा मक्केचा पोरगा म्हणाला, हा हिंदुस्थानातला काफिर दिसतो. बाकीच्यांनी बर्टनची बाजू घेतली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याच्याकडून पैसे उसने घेतले होते हेही लक्षात असू द्यावं. सप्टेंबरमध्ये तो मक्केत पोहोचला. काबा दिसताच इतरांना भक्तीचा उमाळा आला, आपल्याला मात्र अभिमान तृप्त झाल्याचा आनंद झाला, अशी कबुली त्याने दिली आहे. काबाच्या आतला नकाशा त्याने पेन्सिलीने अंगावरच्या इहरामवर, म्हणजे यात्रेकरूच्या पांढऱ्या वस्त्रावर, उतरवला. शेवटी मुहंमदने बर्टनच्या नोकराला, शेख नूरला, ऐकवलंच, तुझा मालक हिंदुस्थानातला साहेब आहे, आमच्या दाढ्यांना हसून गेला.

बर्टन परतला तो मुंबईला, आणि पुस्तकाचं लेखन इथेच केलं. मक्केच्या मशिदीचं वर्णन आलं की त्यात तो बुर्कहार्टचे उतारेच्या उतारे देतो. म्हणजे माहिती चाळीस वर्षं जुनी होती, नवी होती ती गोष्ट सांगण्याची धाटणी. नाव मात्र बर्टनचंच झालं.

पुढे साहसापेक्षा कारभाराची गरज मोठी झाली. 1865 मध्ये हजच्या वेळी पटकीची मोठी साथ आली. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि आगबोटींमुळे यात्रेकरू वाढले. मुंबई हे हिंदी हाजींचं मोठं बंदर असल्याने गर्दी, तिकिटं, रोगराई हे सगळे प्रश्न थेट इथल्या सरकारच्या दारात आले. 1886 मध्ये ब्रिटिश सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे दिली. डच सरकारला काळजी वेगळी होती. आपल्या ताब्यातल्या जावा-सुमात्राचे लोक मक्केत जाऊन काय शिकून येतात? क्रिस्तियान स्नूक हुर्खरोन्ये 1885 मध्ये इस्लाम स्वीकारून अब्द अल-गफ्फार या नावाने तिथे काही महिने राहिला. त्याने मक्केतली घरं, शाळा, लग्नं यांवर लिहिलं आणि नंतर सुमात्रातल्या आचेच्या युद्धात डचांचा सल्लागार झाला. त्याच्या पुस्तकांमुळे मक्केचे फोटो युरोपभर पोहोचले. पण तिथे आधी कॅमेरा नेला होता मुहंमद सादिक या इजिप्शियन लष्करी अधिकाऱ्याने.

1933 मध्ये स्कॉटिश उमराव घराण्यातल्या एव्हलिन कोबोल्ड हजला गेल्या तेव्हा त्यांचं वय 65 होतं. लहानपणीच्या अल्जीरियातल्या हिवाळ्यांत त्या अरबी बोलायला शिकल्या होत्या आणि स्वतःला जन्मापासूनच मुसलमान समजत. त्यांनी वेष बदलला नाही, नाव लपवलं नाही. रीतसर परवानगी मागितली, ती मिळाली, आणि जेद्दाहून मोटारीत बसून गेल्या.