‘टेन फुट’मध्ये लपलेलं अनेकवचन

शिडीची उंची ‘टेन फीट’, पण तीच शिडी इंग्रजीत ‘टेन-फुट लॅडर’ होते. तसंच ‘फाइव्ह-यिअर-ओल्ड बॉय’. मराठी माणूस इथे हमखास ‘फाइव्ह यिअर्स ओल्ड बॉय’ म्हणून जातो, कारण त्याच्या डोक्यात ‘पाच वर्षांचा मुलगा’ असतो आणि ‘षां’वरच्या अनुस्वारात अनेकवचन बसलेलं असतं.

शाळेत सांगतात, की मापाचा शब्द विशेषणासारखा आला की तो एकवचनी ठेवा. वापरायला नियम बरोबर आहे. पण या ‘फुट’चं मूळ पाहिलं की त्याला एकवचन म्हणणं मला जड जातं.

सुमारे १००० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना मराठीसारखे विभक्तिप्रत्यय लागत. एक पाऊल म्हणजे ‘फोट’, अनेक पावलं म्हणजे ‘फेट’ आणि ‘पावलांचा’ म्हणजे ‘फोटा’. ‘फेट’मध्ये स्वर का बदलला? त्याच्या आणखी जुन्या रूपात शेवटी ‘इ’ होता. तो उच्चारायच्या तयारीत जीभ आधीच पुढे सरकायची, त्यामुळे ‘ओ’चा ‘ए’ झाला. षष्ठीच्या प्रत्ययात ‘इ’ नव्हताच, म्हणून ‘फोटा’तला ‘ओ’ शाबूत राहिला. लांबी-उंची सांगायला हीच षष्ठी वापरत, अगदी आपल्या ‘दहा फुटांची’सारखी. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे स्वर झिजले, ‘फोटा’चा ‘आ’ गळाला आणि उरलेलं रूप हुबेहूब एकवचनासारखं दिसू लागलं.

‘दहा फुटांची शिडी’ एकदा भरभर म्हणून पाहा. अनुस्वार कुठे ऐकू येतो? बोलताना ‘फुटाची’च होतं, पुष्कळजण लिहितातही तसंच. इंग्रजीत जे घडून गेलं, ते आपल्या तोंडी रोज घडतं आहे!

‘यिअर’ची गोष्ट थोडी वेगळी: जुन्या इंग्रजीत त्याचं साधं अनेकवचनच एकवचनासारखं होतं. अशा शब्दांमुळे घडी पक्की बसली, आणि फार नंतर जन्मलेली मापंही मुकाट तिच्यात गेली: ‘ट्वेल्व्ह-व्होल्ट बॅटरी’, ‘हंड्रेड-मीटर रेस’.

जुनी षष्ठी पुरती गेलेली मात्र नाही. दोन दिवसांच्या रजेला ‘टू-डे लीव्ह’ म्हणता येतं, तसं ‘टू डेज लीव्ह’ही चालतं. फक्त लिहिताना ‘डेज’च्या शेवटच्या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी द्यायची. तिथला अर्थ ‘दिवसांची’ असाच आहे.