गोल मारणारा डिफेंडर वेगळा, आक्रमक डिफेंडर वेगळा

शनिवारी रात्री साडेआठची इंग्लिश प्रीमियर लीगची फुटबॉल मॅच संपली की सोलापूरच्या पार्क चौकात चहाच्या गाडीपाशी आमची दुसरी मॅच सुरू होते. मागच्या हिवाळ्यात तिथं एक वाद चांगलाच पेटला. आमच्यातला आर्सेनलवाला म्हणत होता, "आमचा सेंटर बॅकसुद्धा गोल मारतो बे, अजून किती अटॅकिंग मॅनेजर पाहिजे तुला?" लिव्हरपूलवाला म्हणाला, "कॉर्नरवर डोकं लावलं म्हणजे अटॅकिंग होत नसतंय. तुमचा मॅनेजर भित्रा आहे." पाऊण तास भांडून दोघं घरी गेले. मी ऐकत होतो, आणि राहून राहून वाटत होतं की हे दोघं एका माणसाबद्दल बोलतच नाहीयेत.

थोडा दोष आपल्या पेपरांचाही आहे. 'बचावपटूचा निर्णायक गोल' असा मथळा येतो तेव्हा तो बचावपटू कुठला, हे मथळा सांगत नाही. एरवी गोलसमोर मधोमध राखण करणारा आणि कॉर्नरवर उंच उडी मारून हेडर मारणारा सेंटर बॅकही बचावपटू, आणि कडेनं नव्वद मिनिटं वरखाली पळणारा फुल बॅकही बचावपटूच. मोसमाअखेर पहिल्याच्या नावापुढं पाच-सहा गोल दिसतात. दुसऱ्याचं रोजचं कामच पुढं जायचं असतं, पण त्याच्या नावापुढं कित्येकदा भोपळा असतो. वादात मात्र दोघांची बेरीज करून सगळी मॅनेजरच्या खात्यावर जमा केली जाते.

हे मला अनुभवानं कळलं. कॉलेजात मी राइट बॅक खेळायचो. उंची पाच फूट चार इंच. अख्खी मॅच उजवी कड माझी. बॉल घेऊन पळायचं, क्रॉस टाकायचा, परत मागं धावायचं. आणि कॉर्नर मिळाला रे मिळाला की सर ओरडायचे, "ए, तू माघारी थांब!" आमचा सेंटर बॅक चांगला सहा फुटी. उरलेल्या वेळात हाफ लाईन ओलांडायचा नाही, पण कॉर्नर म्हटलं की पोळा फुटल्यावर बैल सुटावा तसा पुढं. गोल त्याचे, फोटो त्याचे. माझा जन्मात एकही गोल नाही. आणि तरी आमच्या टीमचा आक्रमक डिफेंडर कोण, असं विचारलं तर उत्तर मीच. (हे वाक्य लिहायला वीस वर्षं थांबलो होतो.)

पुढची मॅच बघाल तेव्हा कॉर्नरच्या वेळी बॉल सोडा आणि हाफ लाईनवर कोण उभं आहे ते शोधा. टीव्हीचा कॅमेरा बॉक्सवर रोखलेला असतो, म्हणून हे घरी बसून दिसत नाही. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की लगेच दिसतं. बहुतेक संघांत तिथं बुटके, चपळ असे एक-दोन गडी असतात, आणि त्यांत फुल बॅक हमखास. समोरच्यानं बॉल बाहेर भिरकावला आणि काउंटर, म्हणजे उलटा हल्ला, सुटला तर पळून गाठणारं कुणीतरी पाहिजे ना. उंच सेंटर बॅक तेवढ्यापुरते पुढं गेलेले असतात. खेळ पुन्हा चालू झाला की उलटं होतं: सेंटर बॅक मागं येऊन थांबतात, फुल बॅक कडेनं वर सरकतात. एकाच संघात, पाच मिनिटांच्या अंतरानं, 'पुढं गेलेला डिफेंडर' म्हणजे दोन निरनिराळी माणसं. अपवाद असतात. आर्सेनलचा बेन व्हाइट राइट बॅक खेळतो, तरी कॉर्नरला गोलकीपरच्या अंगाला चिकटून उभा राहतो, त्याला छळतो. पण तो मुळातला सेंटर बॅक, उंचही आहे.

आकडे बघायचे तर लिव्हरपूलचा २०१८-१९ चा मोसम काढा. ९७ गुण मिळवूनही दुसरा नंबर आलेला तो मोसम. लीगमध्ये सेंटर बॅक व्हर्जिल व्हॅन डाइकचे ४ गोल. त्यातले दोन एकाच मॅचमध्ये, वॅटफर्डविरुद्ध, दोन्ही हेडर. लेफ्ट बॅक अँडी रॉबर्टसनचे गोल शून्य, राइट बॅक ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डचा एक. नुसती गोलची यादी धरली तर त्या संघातला आक्रमक डिफेंडर व्हॅन डाइक ठरेल! असिस्टची, म्हणजे गोलआधीच्या शेवटच्या पासची, यादी शेजारी ठेवा: ट्रेंट १२, रॉबर्टसन ११. आणि हे आकडे नशिबानं आलेले नव्हते. मॅनेजर क्लॉपच्या मांडणीत मधला फॉरवर्ड फर्मिनो खाली उतरायचा, कडेचे सालाह आणि माने कडा सोडून आत घुसायचे, मग दोन्ही कडा मोकळ्या पडायच्या त्या फुल बॅकसाठी. मधले तिघं फार पुढं जायचे नाहीत, फुल बॅकची मोकळी जागा राखायचे. म्हणजे क्लॉप किती आक्रमक हे ज्या दोघांवरून कळतं, त्या दोघांचा मिळून गोल एक.

आता दुसरं टोक. चेल्सीचा सेंटर बॅक जॉन टेरी. टेरी टॉवेलच्या गावात त्याचे भक्त असायचेच, आणि आहेत. प्रीमियर लीगमध्ये डिफेंडरनं केलेल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम त्याच्या नावावर, ४१. त्याच टेरीच्या चेल्सीनं मोरिन्होच्या हाताखाली २००४-०५ मध्ये लीगच्या ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. एवढे गोल मारणारा डिफेंडर पदरी असलेल्या मोरिन्होला आक्रमक मॅनेजर म्हणायचं धाडस चेल्सीवालाही करणार नाही. सेंटर बॅक सर्जिओ रामोसचंही तेच. रियल माद्रिदसाठी १०१ गोल, त्यांत पेनल्टी कितीतरी. २४ मे २०१४ ला लिस्बनमध्ये अ‍ॅटलेटिकोविरुद्ध नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटात मॉड्रिचच्या कॉर्नरवर मारलेला तो हेडर आठवा. ०-१ नं मागं, मॅच संपत आलेली. त्या घडीला जगातला सगळ्यात भित्रा कोचही सेंटर बॅकला पुढंच धाडेल. त्या गोलवरून रियलचे तेव्हाचे कोच आन्चेलोत्ती यांच्या डावपेचांचा काहीएक पत्ता लागत नाही.

गल्लत खरी होते ती विंग बॅकमुळं, कारण तिथं दोन्ही गोष्टी एकाच माणसात येतात. मागं तीन सेंटर बॅक ठेवले की कडेच्या दोघांना, म्हणजे विंग बॅकना, घराची राखण करायची चिंता उरत नाही. आर्सेनलकडून ३-० मार खाल्ल्यावर कॉन्तेनं २०१६ मध्ये चेल्सीला ३-४-३ मध्ये (मागं तीन, मधे चार, पुढं तीन) बसवलं, त्यानंतर लीगमध्ये सलग १३ विजय, आणि शेवटी विजेतेपद. विंग बॅक मार्कोस अलोन्सोनं त्या मोसमात लीगमध्ये ६ गोल मारले. अटलांटाचा तेव्हाचा मॅनेजर गॅस्पेरिनी याच्याही पुढं गेला. त्याचा डाव ठरलेला: एका कडेच्या विंग बॅकनं क्रॉस टाकायचा आणि दुसऱ्या कडेच्या विंग बॅकनं लांबच्या खांबापाशी येऊन तो आत ढकलायचा. रॉबिन गोझेन्सनं सेरी आमध्ये २०१९-२० ला ९ आणि पुढच्या मोसमात ११ गोल केले ते असेच. लेव्हरकुझेनच्या ग्रिमाल्डोनं २०२३-२४ मध्ये बुंडेसलिगात १० मारले. इथं डिफेंडरचा गोल ही खरोखर मॅनेजरची सही असते. चालत्या खेळात, ठरवून, वारंवार.

गंमत अशी की हीच मांडणी बॉल नसताना पाच डिफेंडरांची दिसते, आणि मग आपल्यातलाच कुणीतरी म्हणतो, "पाच डिफेंडर खेळवतोय बघ, घाबरला."

फॅन्टसी, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करून पॉइंट कमवायचा खेळ, खेळणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. तिथं डिफेंडरच्या गोलला ६ पॉइंट, मिडफिल्डरच्या गोलला ५, फॉरवर्डच्या गोलला ४. साहजिकच पोरं गोल मारणारे डिफेंडर धुंडाळत असतात, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात 'पॉइंट देणारा तो चांगला, चांगला तो आक्रमक' अशी साखळी तयार होते. पॉइंट कमवा बिनधास्त. मॅनेजरची परीक्षा त्यावर घेऊ नका, एवढंच.

मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडतो तो एक जुना सामना. २५ मे १९६७, लिस्बन, युरोपियन कपची फायनल. एका बाजूला हेलेनियो हेरेराचा इंटर मिलान. त्यांची बचावाची पद्धत कातेनाच्चो, म्हणजे कडीकुलूप. त्या कुलपाची किल्ली ज्याच्या खिशात होती तो हा कोच. पिकी नावाचा स्वीपर सगळ्यांच्या मागं, बाकीचे एकेकाला चिकटून. आणि या कुलूपबंद घराचा लेफ्ट बॅक कोण? जाचिन्तो फाकेत्ती. मुळात फॉरवर्ड म्हणून खेळायला आलेला. १९६५-६६ मध्ये त्यानं इटालियन लीगमध्ये १० गोल मारले होते, आणि तेही चालत्या खेळात कडेनं घुसून. हेरेराला हे परवडायचं, कारण त्याच्या पुढचा कोर्सो कड सोडून आत यायचा आणि जागा मोकळी व्हायची, आणि दुसऱ्या बाजूचा राइट बॅक बुर्निच जागचा हलायचा नाही. एक खिडकी उघडी, बाकी सगळं बंद.

दुसऱ्या बाजूला जॉक स्टीनचा सेल्टिक. सगळेच्या सगळे खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. म्हणजे सोलापूर मध्ये धरून तुळजापूर, अक्कलकोट, मोहोळ एवढ्याच टापूतली अकरा पोरं युरोप जिंकायला निघाली म्हणा. सातव्या मिनिटाला मात्सोलानं पेनल्टीवर इंटरला पुढं नेलं. ती पेनल्टी दिली गेली सेल्टिकच्या राइट बॅकमुळं, जिम क्रेगमुळं. इंटरनं लगेच दारं लावून घेतली आणि सेल्टिक तासभर ती ठोठावत बसला. दोनदा बॉल आडव्या खांबाला लागून आला. मग ६३व्या मिनिटाला तोच क्रेग उजवीकडनं बॉल घेऊन आत आला, थांबला, आणि बॉल मागं सरकवला. धावत येऊन ज्यानं तो सणसणीत जाळ्यात मारला तो टॉमी जेमेल, सेल्टिकचा लेफ्ट बॅक. राइट बॅकचा पास, लेफ्ट बॅकचा गोल. शेवटी चाल्मर्सनं दुसरा मारला आणि सेल्टिक २-१ नं जिंकला.

आता सांगा. मैदानावर दोन लेफ्ट बॅक, दोघंही गोल मारण्यासाठी नावाजलेले. एकाचा मॅनेजर फुटबॉलच्या इतिहासातला सगळ्यात बदनाम बचाववाला, दुसऱ्याचा मॅनेजर आक्रमणाचा भक्त. फरक सापडतो तो बाकीचे नऊ-दहा जण कुठं होते त्यात. फाकेत्ती पुढं गेला की इंटरचे उरलेले घरात. सेल्टिकच्या त्या गोलच्या वेळी मात्र दोन्ही फुल बॅक एकाच वेळी इंटरच्या बॉक्सपाशी होते.

म्हणून मॅनेजरबद्दल बोलायचं असेल तर मी गोलचा कॉलम आधी मिटतो. आपल्या संघाकडं बॉल समोरच्याच्या हद्दीत असताना कधीही पॉज करायचं आणि बॉलच्या मागं आपले किती जण राहिलेत ते मोजायचं. दोनच असले तर मॅनेजरनं पैज लावलीय. पाच असले तर पैज नाही, त्याच्या सेंटर बॅकनं भले दहा गोल मारलेले असोत. आणि डिफेंडरचा गोल दिसलाच तर बॉल थांबलेल्या जागेवरून आला की चालत्या खेळातून, हे बघायचं. मोहन बागानचा कप्तान शुभाशिष बोस लेफ्ट बॅक असून २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) ६ गोल मारून गेला. त्यांचे तेव्हाचे मॅनेजर मोलिना यांना विशेषण लावण्याआधी ते सहाही गोल एकदा या नजरेनं बघून घ्या.

राहिला आर्सेनलचा वाद. त्यांचा मॅनेजर अर्तेता याच्याकडं सेट पीससाठी (कॉर्नर, फ्री किक) निकोलस जोव्हर नावाचा वेगळा कोच आहे, आणि सेंटर बॅक गॅब्रिएलचे हेडर ही बरीचशी त्या तालमीची कमाई. त्यावरून अर्तेता आक्रमक ठरत नाही, इथवर लिव्हरपूलवाल्याचं बरोबर. पण २०२३-२४ मध्ये या संघानं लीगमध्ये ९१ गोल मारले आणि २९ खाल्ले. ९१ गोल नुसत्या कॉर्नरवर होत नाहीत. शिवाय कॉर्नर मिळायलासुद्धा आधी बॉल समोरच्याच्या गोलपाशी न्यावा लागतो. हे मी चहाच्या गाडीपाशी म्हणालो तेव्हा लिव्हरपूलवाला म्हणाला, "तू राइट बॅक होतास ना, तुला काय कळतंय कॉर्नरमधलं." यावर उत्तर नव्हतं.

परवा रविवारी सकाळी जुळे सोलापुरात पोरांची मॅच चालली होती, उभा राहिलो बघत. कॉर्नर मिळाला. सगळी गर्दी बॉक्समध्ये, आणि हाफ लाईनवर एक बारका पोरगा, कमरेवर हात, शेजारी समोरच्या टीमचा फॉरवर्ड. गोल झाला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. बारका चार पावलं पळाला, मध्येच थांबला, आणि वळून आपल्या वाट्याचा फॉरवर्ड कुठं गेला ते शोधू लागला.