बंदरातला धूर आणि कोर्टाची पायरी

धक्क्याला लागलेले जहाज कधीच पूर्ण थांबलेले नसते. मुख्य इंजिन बंद होते, पण दिवे, पंप, खलाशांचे स्वयंपाकघर आणि शीत कंटेनर यांच्यासाठी जनरेटर रात्रंदिवस धडधडत राहतात. माल चढवायला-उतरवायला दोन-तीन दिवस लागले, तर तितके दिवस लगतच्या वस्तीने तो धूर घ्यायचा. बंदरे ‘हरित’ करण्याच्या आजच्या धोरणांचा माग काढत गेले, की वाट याच धुराकडे जाते.

जहाजाला किनाऱ्यावरून वीज देऊन जनरेटर बंद ठेवायचे, ही युक्ती तशी साधी. स्वीडनच्या गॉथेनबर्ग बंदरात 2000 साली ट्रक-ट्रेलर वाहणाऱ्या रो-रो जहाजांसाठी आणि अलास्कातल्या जुनो इथे 2001 साली पर्यटक जहाजांसाठी ती अमलात आली होती. कंटेनर जहाजांपर्यंत ती पोचली ती मात्र एका खटल्यामुळे.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही कॅलिफोर्नियातली दोन बंदरे एकमेकांना खेटून आहेत. आशियातून अमेरिकेत येणाऱ्या मालाचा फार मोठा भाग इथेच उतरतो. नव्वदच्या दशकात हा व्यापार फुगत गेला आणि बंदराभोवतीच्या वस्त्यांवर काजळी साचू लागली. 2001 मध्ये लॉस एंजेलिस बंदराने चायना शिपिंग या कंपनीसाठी नवे टर्मिनल उभारायला घेतले, पण त्या प्रकल्पापुरता पर्यावरणीय परिणामांचा स्वतंत्र अहवाल न करताच. बंदरालगतच्या सॅन पेड्रो वस्तीचे रहिवासी आणि नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपली म्हण त्यांच्या कानावर गेली नव्हती हे बरेच झाले. 2002 मध्ये अपील न्यायालयाने काम थांबवले. 2003 मध्ये सुमारे 5 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि जून 2004 मध्ये त्याच टर्मिनलवर कंटेनर जहाजांना किनाऱ्याची वीज मिळू लागली. कंटेनर टर्मिनलवरची जगातली ही पहिली सोय.

गोष्ट इथे संपली असती तर छान होते. पण 2015 मध्ये बंदरानेच कबूल केले, की या टर्मिनलसाठी ठरलेल्या 52 उपायांपैकी 11 उपाय पूर्णपणे पाळलेच गेले नव्हते. वीज न जोडण्याची सवलतही कंपनीला परस्पर दिली गेली होती. धक्क्यावर वायर टाकणे सोपे, ती रोज जोडली जाते का हे बघणे कठीण!

मधल्या काळात, नोव्हेंबर 2006 मध्ये, दोन्ही बंदरांनी मिळून स्वच्छ हवेचा संयुक्त आराखडा मंजूर केला. त्यातला सर्वात वादग्रस्त भाग जहाजांचा नव्हता, ट्रकचा होता. बंदरातून कंटेनर ओढणारे बरेच ट्रक जुनाट होते आणि चालकच त्यांचे मालक होते. 1 ऑक्टोबर 2008 पासून 1989 पूर्वीच्या इंजिनांना बंदी आली. 2012 पर्यंत धुराबाबतच्या 2007 च्या मानकात न बसणारे सगळे ट्रक बाहेर गेले. हवा झपाट्याने सुधारली, पण नव्या ट्रकचे हप्ते अनेक ठिकाणी चालकांच्याच गळ्यात पडले. चालकांना कंपन्यांनी नोकरीत घ्यावे, अशी अट लॉस एंजेलिसने घातली होती. ती न्यायालयात टिकली नाही. हवा स्वच्छ करण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न तिथे आजही पुरता सुटलेला नाही.

तरीही 2005 च्या तुलनेत लॉस एंजेलिस बंदरातले डिझेलचे सूक्ष्म कण 80 टक्क्यांहून अधिक घटले. बंदराजवळ जहाजांचा वेग कमी ठेवणे, इंधनातले गंधक घटवणे, यार्डातली यंत्रे बदलणे, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. धक्क्यावरच्या विजेबाबत कॅलिफोर्निया राज्याने 2007 मध्ये नियमच केला आणि तो पुढे टप्प्याटप्प्याने कडक केला. 2021 मध्ये कोंडी होऊन शंभराहून अधिक जहाजे बाहेर ताटकळली, तेव्हा मात्र प्रदूषण पुन्हा वाढले. रांगेतल्या जहाजाला कुठली आलीय किनाऱ्याची वीज?

भारतात केंद्राने मे 2023 मध्ये ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिटन मालामागचे कार्बन उत्सर्जन 2030 पर्यंत 30 टक्के आणि 2047 पर्यंत 70 टक्के घटवायचे, हे त्यातले उद्दिष्ट. किनाऱ्याच्या विजेचाही त्यात समावेश आहे. पण या सूचना आहेत, कायदा नव्हे. शिवाय महाराष्ट्रातली बहुतांश वीज कोळशावर तयार होते. न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर जनरेटर बंद झाला, तर उरणकरांच्या नाकातला धूर नक्की कमी होईल. पण ती वीज सौर किंवा पवन प्रकल्पातून आली नाही, तर त्यातला काही धूर चंद्रपूर-कोराडीच्या चिमण्यांतून निघेल.