दाबमोजे आणि पायांतील रक्ताभिसरण

दाबमोजे म्हणजे पायाला बाहेरून ठरावीक दाब देणारे, लवचीक धाग्यांनी घट्ट विणलेले मोजे. औषधांच्या दुकानात ते कॉम्प्रेशन सॉक्स किंवा नुसते स्टॉकिंग म्हणून मागितले जातात. त्यांचा दाब घोट्यापाशी सर्वाधिक असतो व गुडघ्याकडे कमी होत जातो. तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. 15 ते 20 हा सौम्य दाब समजला जातो, तर 20 ते 30 आणि त्यापुढचे मोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायचे असतात.

उभ्या माणसाच्या घोट्याजवळील नीलांमध्ये, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये, सुमारे 80 ते 90 मिलिमीटर दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन रक्त वर ढकलले जाते, नीलांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि हा दाब बराच उतरतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत यंत्रापुढे पाळीभर उभे राहणारे कामगार, चौकातले वाहतूक पोलीस किंवा निफाड-दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षे निवडणाऱ्या बायका यांना चालण्याचा हा लाभ फारसा मिळत नाही. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतात व जड होतात, आणि दुखणे जुने झाले की घोट्यावरची त्वचा काळवंडून तिथे जखमही होते.

मोज्यांच्या दीर्घकालीन परिणामांविषयी दोन विरुद्ध समजुती आढळतात. एक अशी, की वर्षानुवर्षे वापरल्याने पायाला सवय लागते आणि शिरा आळशी होतात. तिला आधार नाही. मोजे सोडल्यावर सूज परतते ती मूळ विकार जागेवर असल्यामुळे. दुसरी समजूत अधिक महागात पडणारी आहे, ती म्हणजे मोज्यांनी फुगलेल्या शिरा बऱ्या होतात. मोजा नीलेचा व्यास घटवून प्रवाहाचा वेग वाढवतो, मात्र हा परिणाम तो पायात असेपर्यंतच टिकतो, आणि बिघडलेली झडप त्याने दुरुस्त होत नाही. नीलाविकारातील जखम भरून येण्यास व ती पुन्हा न होण्यास नियमित दाबाचा उपयोग होतो, हे मात्र चांगले प्रस्थापित आहे. खोल नीलेत गुठळी झालेल्यांना पुढे होणारा पायाचा जुनाट त्रास मोज्यांनी टळतो, असे पूर्वीच्या लहान अभ्यासांवरून मानले जाई. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 800 रुग्णांच्या दोन वर्षांच्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही.

खरा धोका धमन्यांच्या बाजूने आहे. तंबाखू, विडी, मधुमेह यांमुळे पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर बाहेरचा दाब आधीच अपुरा असलेला रक्तपुरवठा आणखी कमी करतो आणि बोटे किंवा त्वचा मृत होऊ शकते. म्हणून जास्त दाबाचे मोजे देण्यापूर्वी घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर पाहतात, ते 0.6 पेक्षा कमी असल्यास सहसा मोजे देत नाहीत. जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक झाल्याने हा आकडा फसवा, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा चांगला येऊ शकतो. शिवाय अशा रुग्णाच्या पायाची संवेदना गेलेली असल्यास मोजा काचतो आहे हे त्याला कळतही नाही. नियंत्रणात नसलेल्या हृदयविकारातही हे मोजे टाळले जातात.

एरवीचे त्रास किरकोळ असतात: त्वचा कोरडी पडणे, खाज, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामाने बोटांच्या बेचक्यांत होणारी बुरशी. गुडघ्याखाली गुंडाळी झालेली मोज्याची कड मात्र आवळपट्टीसारखी बसते व परतणारे रक्त अडवते. क्वचित गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाचा मज्जातंतू दाबला जाऊन पाऊल लुळे पडल्याचीही नोंद आहे. मापे सूज चढण्याआधी, सकाळी घ्यावी लागतात आणि रात्री झोपताना मोजे सहसा काढून ठेवतात. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांत धाग्याची लवचिकता ओसरते, त्यानंतर वेष्टनावर छापलेला दाब पायाला मिळत नाही.