तारपा वाजवणारा श्वास घेतो कधी?

पालघर जिल्ह्यात जव्हार, डहाणू, विक्रमगड भागातल्या वारली पाड्यांवर भात तयार होऊ लागला की तारपा वाजू लागतो. वादक मधोमध आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून हे दृश्य जगभर पोचलं. चित्रात ऐकू येत नाही ती खरी नवलाची गोष्ट: आवाज मध्ये कुठेच तुटत नाही.

सुकवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा, एवढाच तारपा. भोपळ्यात हवा साठत असेल म्हणून सूर टिकतो, असं कुणालाही वाटेल. पण गणित वेगळं सांगतं. फुंकल्याने आतला दाब वाढून वाढून दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे लिटरभर हवा मावणाऱ्या भोपळ्यात जादा हवा जेमतेम २०-३० मिलिलिटर! शिवाय भोपळा कडक असतो. उत्तराखंडच्या मशकबीन या फुंकवाद्याची पिशवी काखेत दाबता येते, तसा तो दाबता येत नाही.

पिशवीचं काम इथे वादकाचे गाल करतात. छातीतली हवा संपत आली की तो गाल फुगवून घेतो, टाळूचा मागचा मऊ भाग जिभेला टेकवून तोंडाची वाट घशाकडून बंद करतो, गालातली हवा पुढे ढकलतो आणि त्याच क्षणी नाकाने श्वास ओढतो. ही कसरत तासन् तास, तीही चालीवर सरकत! मला यापुढे बाकी सगळी कारागिरी दुय्यम वाटते.

मग भोपळा कशाला? नळीतल्या बांबूच्या जिभल्या, म्हणजे थरथरून सूर काढणाऱ्या पातळ पट्ट्या, ओठांपासून दूर, आत मोकळ्या थरथराव्यात आणि एका फुंकेत दोन्ही नळ्यांना सारखा दाब मिळावा म्हणून. गारुड्याच्या पुंगीचीही हीच रचना. नळीच्या अरुंद तोंडाशी आवाजाचा मोठा भाग आतच परततो. रुंदावत जाणारा कर्णा त्याला, विशेषतः त्यात मिसळलेल्या उंच स्वरांना, बाहेरची वाट देतो. म्हणून उघड्या माळावरही तो दूरवर पोचतो.

सूर जुळवायचा उपाय तर फारच साधा. जिभलीच्या टोकाला मेणाचा कण चिकटवला की ती जड होते, सावकाश थरथरते आणि स्वर उतरतो. कण खरवडून काढला की पुन्हा चढतो.